न उधळलेल्या गुलालाची हकिकत

श्रीगणरायास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि हरलेल्यांचीही पूजा जी नाकारीत नाही त्या ग्रामदेवतेस दोन वेळा नमन. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमीस या राज्यात निवडीचा दरबार भरला आणि त्यात जे घडले न घडले, ते पाहिले ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास आपले वाटेल त्याचे ते.

या राज्यास टोपीकरांच्या बास्केटबॉल नामे खेळाचे वेड थोर. पाच गडी, एक चेंडू, दोहों टोकांस उंच खांबावर लोखंडी कडे, त्यात चेंडू टाकावा, इतुकाच मामला. परंतु त्यापायी सख्खे भाऊ बोलेनासे जाहले आणि ठरलेली लग्ने मोडली. आणि भोवतालच्या सर्व राज्यांचा ठराव ऐसा की वर्षातून एकदा तरणे गडी मंडपात उभे करावे आणि पाळीपाळीने एकेक निवडून न्यावा, आणि मागील साली ज्याने सर्वांहून अधिक मार खाल्ला त्यास पहिला मान. हे राज्य तेव्हा सपाटून मार खात होते, सबब पहिला मान यांचा, आणि त्याचीही फुशारकी मारणारे निघालेच. मग रिवाज ऐसा की निवडल्या गड्यास कोरा पांढरा अंगरखा घालोन चौथऱ्यावर उभा करावा, मंडळींस मूठमूठ गुलाल आधीच वाटलेला असावा, आणि निवड ज्यास पसंत त्याने उधळावा, नापसंत त्याने मूठ मिटोन घरी जावे. तोंडाने बोलावयाचे नाही. आजवर कोणाचा अंगरखा कोरा राहिला नव्हता, कारण एक उधळतो आणि बाकीचे त्यामागे.

तो एक म्हणजे राजश्री सुभानराव मोहोळकर. तरुणपणी राज्याकडून खेळले, गुडघा गेला तेव्हा खाली बसले आणि तेव्हापासोन सर्व त्यांस आबा म्हणो लागले. खेळातला त्यांचा शब्द ब्रह्मवाक्य. दरबाराच्या आदले दिवशी आबा पानवाल्याच्या कट्ट्यावर बसले आणि चार जणांत बोलोन गेले, "तुळाजीवाचून दुसरा घेतला तर कारभाऱ्यांनी डोळे तपासून घ्यावे." तुळाजी म्हणजे नावाजलेला गडी, अंगाने भरलेला, चालला तरी लोक वाट देत. दुसरा होता रायाजी ढोणे, माळावरच्या गावचा, उंच आणि किडकिडीत, ज्याचे नाव कट्ट्यावर कोणास ठाऊक नव्हते. मग दरबारी कारभारी नारोपंत उठले आणि रायाजीचेच नाव पुकारिले. पोर पांढरा अंगरखा घालोन चौथऱ्यावर चढले, मान ताठ केली आणि उभे राहिले. मंडळींकडे एकदाही पाहिले नाही. मागील रांगेतून कोणी कुजबुजला, "मिजास बघा, आपल्याकडं ढुंकूनसुद्धा बघत नाही," आणि ते मत मंडपभर पसरले.

आता खरे ते लिहितो. सुभानरावांनी त्या सकाळी रायाजीस सराव करिताना पाहिले होते, आणि चेंडू सोडताना त्याचे मनगट जैसे वळले ते पाहोन त्यांचा जीव हरखला होता. मंडपात नाव पुकारिले तेव्हा हात वर जाऊ लागलाही होता. आणि मग कट्ट्यावरले चौघे त्यांच्याकडे पाहात आहेत ऐसे त्यांस दिसले, आणि आदले दिवसाचे बोलणे आठवले, आणि मनात म्हणाले, दुसऱ्या कोणी आधी उधळावा, मग आपण उधळू. दुसरे सर्व आबांच्या हाताकडे पाहात होते. ऐसा तो सगळा मंडप एका मुठीकडे पाहात राहिला आणि मूठ उघडली नाही. मग हळूहळू लोक उठले आणि घरोघर गेले.

घरी सगुणाबाईंनी ताट वाढले होते. म्हणाल्या, "अहो, मूठ उघडा की, जेवणार कसे? आणि गुलाल घरी कशाला आणलात?"

"उधळायचा राहिला."

"विसरलात?"

आबा मिटल्या मुठीनेच पाटावर बसले. बाईंनी त्यांचा हात धरोन गुलाल एका लाकडी डबीत झाडून घेतला आणि निवडीचा गुलाल केरात टाकू नये म्हणोन देव्हाऱ्याशेजारील कोनाड्यात ठेविला. तळहाताचा लाल रंग दोन दिवस गेला नाही.

त्याउपरि रायाजीचे नाव कोरा पडले. चेंडू कड्यात गेला तर कोणी टाळी वाजवीना, आणि हुकला तर सारे मैदान ओरडे, "कोऱ्या!" पुढे पुढे हुकू लागला. ज्यास प्रत्येक चेंडूआधी शिव्या ऐकू येतात त्याचे मनगट वळेल कैसे? आणि लोक म्हणत, पहा, आम्ही म्हणत होतो. मग चार सालांनी कारभाऱ्यांनी त्यास पूर्वेकडील राज्यास देऊन टाकिला आणि बदली दोन सुमार गडी घेतले. तिकडे पहिलेच दिवशी लोकांनी त्यास गुलालाने न्हाऊ घातले, आणि त्या राज्याने लागोपाठ तीन साले सर्वांस लोळविले, आमच्यासही. तुळाजी ज्या राज्यात गेला तेथे पाय मोडोन बसला. त्यास दोष नाही.

मग या राज्यात पाहावे तो जो तो म्हणे, "माझ्या मुठीत होता हो गुलाल, पण आबांनीच उधळला नाही." कट्ट्यावरले चौघेही तेच म्हणो लागले. एकही म्हणेना की मला पसंत नव्हता. आबांनी हे सर्व ऐकिले आणि कट्ट्यावर जाणे सोडिले.

शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर. रायाजी खेळ सोडोन बसला होता, आणि ज्यांनी त्यास कोरा म्हटले त्यांनीच निवडीच्या दरबारास मानाचा पाहुणा म्हणोन आणविला. सुभानराव कोनाड्यातली डबी बंडीच्या खिशात घालोन गेले आणि मंडपामागे त्यास एकटा गाठोन म्हणाले, "रायाजी, हा त्या दिवसाचा गुलाल. तेव्हाच टाकायचा होता. मला पसंत होतास तू."

रायाजीने आबांचे मनगट हळूच धरिले.

"आबा, आई म्हनली हुती, गुलाल पडंल, डोळं मीट, न्हायतर आग हुतीया. म्हनून मिटून हुबा ऱ्हायलो. लई येळ हुबा हुतो. उघडलं तवा मांडव रिकामा हुता."

सुभानरावांचा हात डबीसकट खाली आला.

"आता हे माझ्यावर टाकून काय हुनार? तिकडं माझी कापडं मस रंगली. त्यो अंगरखा काय आता रंगत न्हाई. आत जावा, तिथं आजचं पोरगं हुबं हाय. मी बघून आलोय, त्यानंबी डोळं मिटल्यात."

आबा आत आले. चौथऱ्यावर मानाजी नामे पोर होते. त्याचा सराव आबांनी पाहिला होता आणि मत पक्के होते की पाय जड, नजर उशिरा फिरते, हा काही राज्य तारणार नाही. मंडप आबांच्या हाताकडे पाहात होता. मग मंडपात वाटलेला गुलाल आबांनी मूठभर घेतला आणि गुडघा दुखत असता चौथऱ्यापर्यंत चालोन जाऊन त्याच्या अंगावर उधळिला, आणि मग सारा मंडप उधळला.

मानाजी खरोखरच जेमतेम निघाला. तीन साले खेळला, राज्य हरतच राहिले, आणि मग आपल्या गावी जाऊन सुखाने पोरे शिकवू लागला. त्यास कोणी नाव ठेविले नाही. सुभानरावांचे मत या खेपेस अक्षरशः खरे ठरले आणि ते त्यांनी कोणासही सांगितले नाही.

सारांश इतुकाच. त्या ज्येष्ठ वद्य पंचमीस या राज्यात मतास तोटा नव्हता, गुलालासही नव्हता, आणि एक पोर डोळे मिटोन वाट पाहात होते. डबी कोनाड्यात परत गेली, ती तेथेच आहे. पुढे लिहिण्यास हात धजत नाही.