दोनशे तासांची सोय

बटणांच्या कारखान्याच्या मालकांपुढे एकच प्रश्न उरला होता: खासगी विमान भाड्याने करावे की विकत घ्यावे? विमान हवेच कशाला, हा प्रश्न साडूंनी फोनवर "आम्ही हल्ली विमानच करतो" म्हटले, त्याच दिवशी निकाली निघाला होता.

टिपण करायचे काम हेडक्लार्ककडे आले. साधा माणूस. कारखाना सुटला की पलीकडच्या गल्लीत लेकीकडे जायचे आणि सहा महिन्यांच्या नातीला खांद्यावर घेऊन ती झोपेपर्यंत येरझाऱ्या घालायच्या, एवढेच त्याचे सुख.

विक्रेत्याचा नियम सोपा होता. वर्षाला दोनशे तासांहून जास्त उडणार असाल तर विकत घ्या, नाहीतर भाड्याने. मालक कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहत.

"साहेब, तास शून्य भरले."

"मग वाढवा! साडू भाड्याने करतो, म्हणून मी विकतच घेणार."

"पण जायचं कुठं?"

"तेही मीच सांगू? मग तुम्हाला खुर्ची दिलीय कशाला?"

हेडक्लार्कने मालकीणबाईंना गाठले. "वहिनी, साहेबांना लांब कुठं जावंसं वाटतं का हो?"

"अहो, जिना उतरायचं त्यांच्या जिवावर येतं!"

मालक कामांकडे जात नसतील, तर कामेच लांब न्यावीत, असे टिपण झाले. मालकांच्या न्हाव्याला देशाच्या उत्तर टोकाला दुकान थाटून दिले. दातांचे डॉक्टर दक्षिणेला गेले. बटणांना भोके पाडणारे यंत्र पूर्वेला हलले, भोके मोजणारा पश्चिमेला. एकशे नव्वद तास भरले.

"दहा कमी," मालक म्हणाले. "तुम्ही माझ्या सह्या घ्यायला वर येता ना? आता मीच येईन. तुमची बदली बेटावर."

"साहेब, माझी नात..."

"वरून जाताना मी तिला टाटा करीन."

कारखान्याच्या नियमाप्रमाणे बदली रद्द करायच्या अर्जावर साक्षीदार म्हणून बाहेरच्या एका माणसाची सही पुरेशी होती. रविवारी विमान आले. हेडक्लार्क अर्ज घेऊन मैदानात गेला. मालकांना वेड लागलंय म्हणून खो-खो हसणारी सगळी गल्ली विमानाच्या शिडीवर फोटो काढायला रांगेत उभी होती.

"देतो की सही, काका. पण आधी फोटो होऊ द्या, नंबर जाईल."

फोटो संपेस्तोवर अंधार पडला आणि जो तो घरी पळाला. सोमवारी हेडक्लार्क बेटावर गेला, सहीविना राहिलेला अर्ज खिशात ठेवून.

रांगेत मागून चौथे, केस नीट करत उभे होते, ते तुम्हीच ना?