पार्वताबाई कोणाकोणाकडे जाते

पार्वताबाई गेली ती मागच्या संत्र्याच्या हंगामात. पण आपलं किती गेलं आहे हे केशवरावांना खरं कळलं ते यंदा, एका सकाळी, शेजारच्या गोदाबाई वाटीभर पातोडीची भाजी घेऊन आल्या तेव्हा.

सण नव्हता, वार नव्हता. "काहून आणली?" केशवरावांनी विचारलं.

"पार्वताबाई आली होती सपनात," गोदाबाई म्हणाल्या. "वट्ट्यावर बसली अन् म्हणे, गोदे, पातोडी खा वाटून राहिली. मंग काय, केली. तिनं मांगतलेलं कोणाच्या तोंडी त पडाले पायजे."

शेंदूरजनाघाटात ही रीत बहुतेक घरांत पाळतात. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेलं, की दुसऱ्या दिवशी ते करायचं आणि शेजारीपाजारी वाटायचं. केशवरावांनी वाटी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. भाजी चांगली झाली होती. खाता खाता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माह्याबद्दल काई म्हणे का?"

गोदाबाई खोटं बोलत नसत. त्यांनी नीट आठवून पाहिलं. "नाई बा. तुमचं नाव नाई निघालं."

"कशी होती?"

"चांगली होती. भरली हाये जराशी."

केशवरावांनी वाटी खाली ठेवली. ती गेल्यापासून त्यांच्या स्वप्नात एकदाही आली नव्हती. त्यांना वाटायचं, लांबचा पल्ला असेल, जमत नसेल येणं. आता कळलं की जमतं. भिंतीपलीकडे येते, पातोडी मागते आणि तिथूनच परत जाते.

त्या आठवड्यात गयासुद्दीन बाग पाहायला आला. गयासुद्दीन वरुडचा संत्र्याचा व्यापारी. बाग केशवरावांची असली तरी सौदा तो नेहमी पार्वताबाईशी करत आला होता, कारण केशवराव पहिल्याच भावाला मान डोलवून मोकळे होत. झाडाखाली बसल्यावर केशवरावांनी त्याला गोदाबाईंच्या स्वप्नाचं गाऱ्हाणं सांगितलं. आपली बाजू घेणारं कोणी तरी भेटेल अशी त्यांची अपेक्षा होती. गयासुद्दीन मात्र हातातलं पान चुरू लागला.

"बुरा मत मानो केशवभाऊ," तो म्हणाला, "पण भाभी माह्याही सपनात येऊन गेल्या."

"तुमच्या? तुमच्याकडे कायले?"

"शिव्या द्याले. म्हणे, गयासभाई, सौद्याच्या वक्ती माल गोड होता, तोडाच्या वक्ती भाव पाडाले आंबट कसा काय झाला? लय बोलल्या."

केशवरावांना हे फार लागलं. भाजी मागणं वेगळं. शेजारणीकडे मागता येते. पण पार्वताबाई शिव्या द्यायची ती फक्त आपल्या माणसाला, आणि या घरात त्या खायचा मान केशवरावांचा होता. तो आता वरुडला जात होता.

मग त्यांनी स्वतःच प्रयत्न सुरू केले. तिच्या बाजूला तोंड करून झोपले. तिचा चष्मा उशाशी ठेवला. रात्रीची झोप पुरत नसेल म्हणून जेवण झाल्यावर दुपारीही आडवे होऊ लागले. एका दुपारी त्यांना खरंच स्वप्न पडलं. दार वाजलं, त्यांनी धावत जाऊन उघडलं, तर दारात गयासुद्दीन होता. संत्र्याचे कॅरेट कुठे ठेवू, एवढंच तो विचारत होता.

हे ऐकून गयासुद्दीनला अपराध्यासारखं झालं. त्याची भाची अनीसा अमरावतीला मनाची डॉक्टर होती. औषधं कमी द्यायची, बोलायची जास्त, आणि लोकांची स्वप्नं मन लावून ऐकायची. त्याने केशवरावांना तिच्याकडे धाडलं.

अनीसाने पाणी दिलं, बसवलं आणि पडलेलं एखादं स्वप्न सांगायला सांगितलं.

"एकच पडलं," केशवराव म्हणाले, "अन् त्यात तुमचे मामू होते."

अनीसा हसली नाही. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. गोदाबाई, पातोडी, शिव्या, चष्मा. मग म्हणाली, "काका, स्वप्नातलं माणूस बाहेरून येत नाही. ते पाहणाऱ्याच्याच मनातलं असतं. जागेपणी आपण स्वतःशी जे बोलत नाही, ते मन झोपेत दुसऱ्याचा चेहरा लावून बोलतं. गोदाबाईंना दिसल्या त्या पार्वताकाकू गोदाबाईंच्याच मनातल्या."

केशवराव खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे थे तिकडे जातच नाई?"

"नाही."

"वरुडलेही नाई?"

"नाही काका. पण आता तुम्ही स्वतःला हे विचारून पाहा, की..."

तोवर केशवराव उठले होते. त्यांनी हात जोडले, पिशवी घेतली आणि बाहेर पडले. ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी मोर्शी येईपर्यंत ही सगळी विद्या समजावून सांगितली. मोर्शीला तो उतरला. त्याला वरुडपर्यंत जायचं होतं, पण तो मागच्या बसने गेला.

घरी आल्यावर केशवराव पिशवी न ठेवताच गोदाबाईंच्या दारात गेले.

"गोदाबाई, थे पार्वता नोयती. थे तुमीच होत्या."

"मी?"

"तुमचं मन. पातोडी तुमालेच खा वाटत होती. मन तिचं तोंड लावून बोललं."

गोदाबाईंना हे पचायला थोडा वेळ लागला. पचल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी मेलेल्या बाईचं नाव करून पातोडी खाल्ली?"

अनीसाच्या म्हणण्याचा अर्थ जवळजवळ तोच होत होता, त्यामुळे केशवरावांना नाही म्हणता आलं नाही. त्या दिवसापासून गोदाबाईंकडून येणारी संध्याकाळची भाकर बंद झाली. आळीभर मात्र त्यांनी सांगितलं, की केशवराव अमरावतीहून स्वप्नं ओळखायला शिकून आले आहेत, ज्याला आपली अब्रू काढून घ्यायची असेल त्याने जावं.

गयासुद्दीनने हीच गोष्ट वेगळी घेतली. "म्हंजे मीच मले शिव्या देऊन राहिलो होतो?" त्याने विचारलं. केशवराव हो म्हणाले. गयासुद्दीन उठला, आणि जाताना म्हणाला, "बराबरच देल्या."

गोदाबाईंनी रागाने सांगितलेलं लोकांनी खरं धरलं. सकाळी ओसरीवर माणसं येऊ लागली. प्रत्येकाला स्वप्न पडलेलं, आणि प्रत्येकाच्या स्वप्नात पार्वताबाई. दूधवाल्याच्या म्हशीला तिने चारा टाकला होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला तिने मीठ कमी पडल्याचं सांगितलं होतं. वरुडच्या एका कंडक्टरच्या गाडीत ती खिडकीजवळ बसून गेली होती, आणि त्याने तिकीट मागितलं तर त्यालाच पेरू दिला होता. कंडक्टरला तिने पेरू द्यावा इतकी ओळख कधी झाली, हे केशवरावांना माहीत नव्हतं. बायको इतक्या लोकांना ओळखत होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

ते प्रत्येकाला एकच सांगत, "थे तुमीच." लोक समाधानाने जात. केशवरावांचं समाधान मात्र कमी कमी होत चाललं. कारण एक दिवस ओसरी रिकामी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की अनीसाची विद्या खरी असेल तर आपलं पहिल्यापेक्षा वाईट आहे. आधी नुसतं ती येत नव्हती. आता असं ठरत होतं, की ती कंडक्टरच्या मनात आहे, दूधवाल्याच्या मनात आहे आणि फक्त आपल्याच मनात नाही.

त्यांनी अनीसाला फोन लावला.

"तेच तर सांगत होते, तुम्ही उठून गेलात," ती म्हणाली. "पार्वताकाकू गेल्या हे गोदाबाईंनी मानलंय, काका. तुम्ही अजून मानलेलं नाही. त्या बाहेरून येतील म्हणून तुम्ही दाराकडे बघत बसलात."

"मंग त्याले किती दिवस लागते?"

ते सांगता येत नाही, असं ती म्हणाली. केशवरावांना तिचा राग आला. दर्यापूरची गाडी कधी लागते हेसुद्धा सांगता येतं.

आणि मग पंजाबराव आला.

पंजाबरावाचं शेत केशवरावांच्या शेताला लागून. मधल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवरून दोघांचं भांडण झालं, बाभूळ पुढे वाळून पडली, भांडण तसंच राहिलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पार्वताबाईच्या मयतीलाही तो सगळ्यांच्या मागे उभा राहून गेला होता. आता तो फाटकाशी उभा होता आणि आत यायला तयार नव्हता.

"तू सपनाचे अर्थ सांगतं म्हणतेत," तो म्हणाला.

केशवरावांना पुढचं कळलं. "तुह्याही सपनात आली?"

"आली."

"कुठं?"

"धुऱ्यावर. बसून तुरीच्या शेंगा खाऊन राहिली होती. मले पाह्यलं अन् हासली."

आजवरचा केशवरावांचा जळफळाट म्हणजे नुसता सराव होता. पातोडी, शिव्या, पेरू, सगळं त्यांनी सहन केलं होतं. पण दुखण्यातले शेवटचे महिने पार्वताबाई हसली नव्हती. इथे या घरात, त्यांच्यासमोर, नाही हसली. आणि आता पंजाबरावाकडे पाहून हसली.

"तुह्याकडं पाहून हासाले काय झालं तिले?"

"मले काय माहीत. मले इचारलं तिनं."

"काय इचारलं?"

पंजाबराव खाली पाहत होता. "म्हणे, पंजाबराव, ह्यांचं कसं चालू हाये?"

केशवरावांनी फाटक धरलं.

"मंग तू काय सांगतलं?"

"काय सांगू? आपलं बोलणं हाये का? मी गप बसलो. थे उठली अन् गेली. तवापासून घास गोड लागत नाई. अर्थ सांग मले."

केशवरावांकडे अर्थ एकच होता आणि तो त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवला होता. त्याप्रमाणे विचारणारी पार्वताबाई नव्हतीच, पंजाबराव होता. म्हणजे ज्या माणसाला त्यांनी इतकी वर्षं राम राम घातला नव्हता, तो मनातून त्यांची काळजी करत होता. हे मानायचं नसेल, तर अनीसा चुकली म्हणायचं. मग पार्वताबाई खरंच फिरते, तिला नवरा आठवतो, तिने विचारपूस केली. पण मग तिने ती पंजाबरावाकडे केली. शिवाय पातोडी खरी, शिव्या खऱ्या, कंडक्टरचा पेरूसुद्धा खरा. एका बाजूने बायको मिळत नव्हती, पंजाबराव मिळत होता. दुसऱ्या बाजूने बायको मिळत होती, पण पंजाबरावाच्या धुऱ्यावर.

"थे तूच," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांनी फाटकच उघडलं.

"आत ये. बस," ते म्हणाले.

पंजाबराव आत आला आणि बसला. केशवरावांनी कबूल केलं, की या स्वप्नाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही.

"नको सांगू," पंजाबराव म्हणाला. "येवढं सांग, पुन्हा आली त काय सांगू तिले? कसं चालू हाये तुहं?"

केशवराव सवयीने "बरं" म्हणणार होते. पण "बरं" हे उत्तर पार्वताबाईने जन्मात कधी चालवून घेतलं नव्हतं. बरं म्हणजे काय, जेवले का, काय जेवले, कोणाशी बोलले का, असं ती विचारत गेली असती. त्यांनी मनात पाहिलं. सांगण्यासारखं थोडं होतं, आणि तेही ओळीने लागत नव्हतं.

"सांगतो," ते म्हणाले.

"घाई नाई. पण शेंगा हायेत तवर सांग. थे शेंगा खावाले येते."

दुसऱ्याच दिवशी केशवरावांनी गोदाबाईंची माफी मागितली, आणि ओसरीवर आलेल्यांना सांगितलं, की ज्याने त्याने आपापल्या स्वप्नाचं पाहावं. पंजाबराव शेतात जाताना रोज फाटकाशी थांबतो. काही विचारत नाही. थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. तूर आता सोंगणीला आली आहे, कापली की शेंगा संपतील. उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.