सावळारामची तब्येत ठणठणीत

शिळीमकर वकिलांच्या ऑफिसातून रतनबाईच्या दाव्याचे कागद हरवले नव्हते. ते ऑफिसातच होते, फक्त कुठे आहेत ते कुणाला सांगता येत नव्हतं. भोरच्या कोर्टासमोर जिना चढून गेलं की दोन खोल्या. एकीत अशील बसायचे आणि दुसरीत लाल फडक्यांत बांधलेली दप्तरं. दप्तरं वाढत गेली तसे अशील आधी दाराशी आणि मग जिन्यावर सरकले. गेल्या तारखेला जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघत सुनावलं, "पुढच्या वेळी तयारी करून या वकीलसाहेब. नाहीतर आहे त्यावर निकाल देऊन टाकीन."

निकाल म्हणजे रतनबाईचं खाचर. पालीच्या रतनबाईचा नवरा सावळाराम दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आसपास वारला. जाण्याआधी त्यानं मृत्युपत्र केलं आणि भाताचं एकुलतं एक खाचर बायकोच्या नावे ठेवलं. धाकटा भाऊ गेनू म्हणायचा, दादा तेव्हा शुद्धीवरच नव्हता, कागद खोटा आणि खाचर माझं. खाचर गेलं तर रतनबाईला खायला फक्त शेजाऱ्यांची दया उरणार होती, आणि शेजारी म्हणजे गेनूच.

यावर शिळीमकर वकिलांना उपाय सापडला तो पुण्यातल्या एका चर्चासत्रात. तिथं जेवण बरं होतं आणि दोन नवे शब्द मिळाले. एक 'लीगल टीम'. दुसरा, कागद वाचून, लावून, शोधून देणारं 'सॉफ्टवेअर'.

"तात्या, आजपासून आपण लीगल टीम," वकिलांनी आल्या आल्या कारकुनाला सांगितलं.

"म्हंजी पगार वाढनार?" बंडूतात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला कारकूनच ऱ्हाऊ द्या."

टीममध्ये तिसरी होती गुलफशा, भोरचीच, नुकती सनद घेतलेली ज्युनिअर वकील. रतनबाईचे आणि हाताला लागतील तेवढे बाकीचेही कागद दप्तरांतून उकरून ते कंप्युटरवर टाइप करायचं काम तिच्यावर आलं. मग कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते ठरवायला दोन कंपन्यांना बोलावलं.

पहिला गृहस्थ पुण्याहून टाय बांधून आला. त्याच्या सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्य असं, की एकसारखे कागद ते आपोआप बाजूला काढायचं. त्यानं बटण दाबलं. पडद्यावरचे कागद भराभर नाहीसे व्हायला लागले. शेवटी एकच उरला.

"सर, अभिनंदन," तो म्हणाला. "तुमच्याकडे खरं तर एकच कागद आहे. बाकीच्या सगळ्या त्याच्याच नकला."

शिळीमकर वकिलांचा चेहरा पडला. आख्खी वकिली त्या कागदांवर झाली होती त्यांची. बंडूतात्या मात्र शांतपणे विड्याचं पान जमवत होते. प्रत्येक अर्ज, प्रत्येक मृत्युपत्र ते एकाच जुन्या मसुद्यावरून करायचे. नावं तेवढी बदलायचे. "चांगला मसुदा हाय," ते म्हणाले. "कशाला बदलायचा?"

दुसरा आला नसरापूरचा इमरान. वडापच्या जीपमध्ये मॉनिटर मांडीवर घेऊन, स्पीकर काखेत मारून. पडद्यावर उजेड पडतो म्हणून त्यानं खिडक्या लावून घेतल्या. बाहेर ढग उतरलेच होते, खोलीत भर दुपारी दिवेलागणीची वेळ झाली.

"सर, आपलं सॉफ्टवेअर नुसतं शोधत नाही. वाचून दाखवतं. तुमी डोळं मिटून खुर्चीत बसायचं."

ही सोय वकिलांना एकदम पटली. इमराननं रतनबाईच्या दाव्यातला पहिला कागद लावला. तो सावळारामचं मृत्युपत्र निघाला. स्पीकरमध्ये आधी खरखर झाली, कुणीतरी घसा साफ करावा तशी. मग खोल, नाकातून येणारा, वाक्याच्या शेवटी जरा खाली बसणारा एक आवाज म्हणाला,

"मी सावळाराम, राहणार पाली, राजीखुशीने सांगतो की, माझी तब्येत ठणठणीत आहे."

जिन्यावर काहीतरी धपकन पडलं. ती रतनबाईची पिशवी होती. रतनबाई दारात उभी होती आणि तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला होता.

"कोन बोललं?"

"मावशी, ते मशीन आहे," गुलफशा उठली. "घाबरू नका."

"मी पूर्ण शुद्धीवर आहे," आवाज म्हणाला.

"हे हैत," रतनबाईचे ओठ हलले. "ह्यांचाच आवाज हाय. नाकातनं. आसंच बोलायचे."

"मला कोणतेही व्यसन नाही."

रतनबाईचा पांढरा पडलेला चेहरा ताबडतोब मूळ रंगावर आला. "आता तरी खरं बोला की! तंबाखूची पिशवी उशाला घिऊन झोपत व्हता न्हवं?"

गिऱ्हाईक रमलंय हे इमरानच्या लक्षात आलं. "मावशी, शोधूनच दावतो. ह्या कागदांत कुठं तंबाखू हाय का ते." त्यानं शब्द टाइप केला आणि बटण दाबलं.

"हा शब्द," आवाज म्हणाला, "कुठेही आढळला नाही."

"बघा वकीलसायेब! मेल्यावरबी कबूल करत न्हाईत!"

बंडूतात्या चहा सांगायच्या निमित्तानं जिना उतरले, ते एका दमात. खोलीत आवाज पुढं वाचतच होता. "माझी पत्नी रतनबाई हिने माझी मनोभावे सेवा केली."

रतनबाई भिंतीला धरून हळूच खाली बसली. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि त्यानंही तिचं घेतलं नव्हतं. त्याची हाक म्हणजे "अगं ए". पाहुण्यांत असला तर "ती कुठं गेली?" इतकंच.

"फिरून म्हना की," ती स्पीकरला म्हणाली.

इमराननं बटण दाबलं. आवाजानं फिरून म्हटलं. रतनबाई तोंडाला पदर लावून लाजली. शिळीमकर वकिलांना कुठं बघावं ते कळेना, म्हणून ते बंद खिडकीकडे बघत राहिले.

खाली चहाच्या टपरीवर गेनू तारखेला आला होता. बंडूतात्यांनी सांगितलेलं ऐकून तो मोठ्यांदा हसला. "दादा बोलतोय? जित्ता आसताना बोलत न्हवता. बघतो की काय म्हनतोय." आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला. त्यानं उंबऱ्यात पाय टाकला आणि लाईट गेली.

लोडशेडिंगची रोजची वेळ होती. पंखा थांबला, ट्यूब विझली, खालच्या झेरॉक्सच्या दुकानाची घरघर बंद पडली. काळोखात निळसर पडदा तेवढा चालू राहिला, कारण इमराननं टेबलाखाली बॅटरीचा डबा ठेवला होता. तो गेनूला दिसायचं कारण नव्हतं. डब्यानं 'टुक' केलं.

"मी हे," आवाज म्हणाला, "कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगत आहे."

"लाईट गेल्यावरबी बोलतोय!" गेनू दारातच गुडघ्यावर आला. "दादा, चुकलो! बांध म्याच सरकावला! खाचर वैनीचं हाय! पर रातीचं घरी येऊ नगंस!"

शिळीमकर वकिलांनी अख्ख्या वकिलीत इतकी चांगली उलटतपासणी घेतली नव्हती. त्यांनी लगेच गेनूमागून वर आलेल्या तात्यांकडून तडजोडीचा कागद करून घेतला. गेनूनं अंधारात सही ठोकली, ती अर्धी कागदावर आणि अर्धी टेबलावर. रतनबाईपुढे कागद ठेवला तर तिनं हात मागं घेतला.

"आज नगं. ह्यांच्या म्होरं कशी करू? फुडच्या तारखंला करते."

इमरान मशीन वापरून बघायला ठेवून गेला. पुढच्या बाजारापर्यंत ही बातमी नसरापूरपासून गुंजवण्यापर्यंत पोचली, की भोरच्या शिळीमकर वकिलांकडं मेलेली माणसं बोलतात आणि लाईटसुद्धा लागत नाही. जिन्यावर रांग लागली. कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती. एकानं अंगारा लावला तो कीबोर्डात गेला आणि काही अक्षरं दोन दिवस रुसली.

रांगेत पहिला चिमाजी होता. त्याचा चुलतभावाशी आंब्याच्या झाडावरून दावा होता आणि दोघंही हजर होते. गुलफशानं चिमाजीच्या वारलेल्या आईचा, सगुणाबाईचा जबाब लावला.

"मी सगुणाबाई," सावळारामचा खोल आवाज म्हणाला, "राजीखुशीने सांगते की, माझी तब्येत ठणठणीत आहे."

चिमाजी दचकला. "आमच्या आईचा आवाज आसा गड्यावानी न्हवता."

"तिकडं गेल्यावर समद्यांचा एकच व्हतो," मागून कुणीतरी समजावलं. "तिकडं कुठलं आलंय बाईमानूस न् गडीमानूस."

हे सगळ्यांना पटलं. शिवाय जो बोलेल त्याची तब्येत ठणठणीतच असायची. बंडूतात्यांचा मसुदाच तसा होता. तिकडची हवा चांगली असावी, असं रांगेचं मत पडलं. आणि आईबाप तिकडून सगळं ऐकतायत म्हटल्यावर कोर्टात खोटं बोलायची हिंमत कुणाला होईना. चिमाजीनं झाड सोडलं, चुलतभावानं आंबे सोडले. मग दोघं एकमेकांना "तूच घे, तूच घे" करत भांडायला लागले, पण त्याला कोर्ट लागत नव्हतं.

दावे भराभर मिटायला लागले. दप्तरं एकेक करून खाली गेली. काही महिन्यांत शिळीमकर वकिलांच्या ऑफिसात प्रथमच अशिलांना बसायला ऐसपैस जागा झाली, आणि अशील उरले नाहीत. रिकाम्या फळ्यांवर तात्या दुपारचे आडवे व्हायला लागले.

एके दिवशी पुण्याच्या टायवाल्याचा फोन आला. "सर, निर्णय झाला का?"

"तुमचं मशीन खरं बोललं हो," वकील म्हणाले. "आमच्याकडे एकच कागद उरलाय."

तो एक म्हणजे रतनबाईचा. दर तारखेला ती यायची, स्पीकरसमोर बसून मृत्युपत्र ऐकायची आणि सहीचं विचारलं की "फुडच्या तारखंला" म्हणून निघून जायची.

वकिलांनी इमरानला बोलावून घेतलं. तो आला त्या दिवशी रतनबाई बाकावर बसलेलीच होती.

"आवाज बदल, नाहीतर पेटी उचल," वकील गरजले. "आणलास कुठून असला आवाज?"

"माणसाचाच हाय, सर," इमराननं पेटी उचलायला म्हणून स्पीकर काखेत मारला. "एकेक अक्षर बोलून घ्यावं लागतं. तेवढा वेळ कुणाला असतोय? मग एक काका रोज दुपारी आमच्या दुकानात येऊन बसायला लागले. पालीकडचे. नाव काय सांगितलं नाही. नाकातनं बोलायचे, पण कंटाळले न्हाईत. क, का, कि, की... समदी बाराखडी दिली."

शिळीमकर वकिलांच्या छातीवरचं दप्तर उतरलं. ते खुर्चीतून उठून हसायला लागले. "म्हणजे सावळारामच तो! स्वतः बोलून गेलाय! ऐका तात्या, भूत नाही, काही नाही! कधीची रे ही गोष्ट?"

"गेल्या गणपतीतली."

वकील हसायचे थांबले. गुलफशा हळू आवाजात म्हणाली, "सर, सावळारामना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं."

बंडूतात्यांनी दोन्ही पाय उचलून स्टुलावर घेतले. इमराननं आपण काखेत धरलेल्या स्पीकरकडं बघितलं आणि तो अलगद टेबलावर ठेवला.

रतनबाईनं तेवढं विचारलं, "च्या प्याले का रं त्यांनी?"

"न्हाई मावशी. रोज द्यायचो. कप तसाच ऱ्हायचा, वर साय धरायची."

"मंजी गेल्यावरच आले आसतील," रतनबाई म्हणाली. "जित्तेपनी फुकटचा च्या सोडनारा मानूस न्हवं त्यो."

वकिलांनी घाईघाईनं तडजोडीचा कागद तिच्यापुढं सरकवला. "रतनबाई, करा सही. खाचर घ्या आणि मिटवून टाका एकदाचं."

"खाचराचं काय न्हाई, सायेब. गेनू भावजींनी बांध मागं घेतला. औंदाची लावनीबी सोता करून दिली. भ्यालेत. पर दावा मिटला की तुमी ही पेटी बंद करनार. मंग माझं नाव कोन घेनार? तुमी तारीख घ्या."

शिळीमकर वकिलांनी रिकाम्या फळ्यांकडं बघितलं. मग त्या एका कागदाकडं. ज्या बाईचा दावा लवकर संपावा म्हणून हे सगळं आणलं, तिचा दावा संपला तर आता ऑफिसच संपणार होतं.

"इमरान," ते म्हणाले, "पेटी राहू दे. टीमला हेच सॉफ्टवेअर पसंत आहे."

"टीमला इचारलं का?" तात्या स्टुलावरून म्हणाले, पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

रतनबाईनं पिशवी उचलली, पदर नीट केला आणि दाराशी जाऊन, मागं न बघता, रोज घरातून निघताना म्हणायची तसं म्हणाली, "येते हां."

"बरं," स्पीकर म्हणाला.

रतनबाई जिना उतरून गेली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"इमरान, तू दाबलंस?" वकिलांचा आवाज चिरकला. इमराननं दोन्ही हात वर करून दाखवले. "मग कुठल्या कागदात आहे ते? गुलफशा, शोध! कुठल्यातरी कागदात असणारच!"

गुलफशानं खुर्ची ओढली. जपून, एकेक अक्षर बघत तिनं 'बरं' टाइप केलं आणि शोधायचं बटण दाबलं. स्पीकरमध्ये खरखर झाली, कुणीतरी घसा साफ करावा तशी.

"हा शब्द," सावळाराम म्हणाला, "कुठेही आढळला नाही."