मालगाडी उठेपर्यंत

या, अशा जवळ येऊन बसा. आणि तो फोन जरा उपडा ठेवा. माझा राग आहे तुम्हा लोकांवर. दिल्लीला येता, लाल किल्ला बघता, करोल बागेत पिशव्या भरता, कोपर्निकस मार्गावरच्या सदनात जाऊन मराठी जेवण जेवता आणि परत गेल्यावर फोन करता, "मावशी, वेळच मिळाला नाही हो." फरीदाबाद काय समुद्रापलीकडे आहे? मेट्रो येते आमच्याकडे, आणि ती वेळेवर येते. आमच्या डोक्यावर जी गाडी धावते तिचं मात्र काही सांगता येत नाही. कारण मांजर उठल्याशिवाय ती पुढे जात नाही.

डोक्यावर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर. तिथे मुकुंदराव ताटके राहतात. एकटे. म्हणजे माणूस एकटा. बाकी तीन मांजरं आणि एक रेल्वे. खेळण्यातली रेल्वे असं त्यांच्यासमोर म्हणू नका. मी एकदा म्हणाले होते, तर आठवडाभर जिन्यात भेटले की "नमस्कार", बस, एवढंच. 'मॉडेल' म्हणायचं.

जन्म गेला ट्रॅक्टरच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजण्यात. रेल्वेशी संबंध काय, तर तिकीट काढण्यापुरता. पण खालचा गार्ड त्यांना 'स्टेशन मास्टर साहब' म्हणतो आणि ते सलाम घेतातही.

नलिनीवहिनी होत्या तोवर गाडी एका कोपऱ्यात होती. त्या गेल्यावर ती हळूहळू हॉलभर पसरली. आता हॉलमध्ये कमरेएवढ्या उंचीचं टेबल आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सोफा बाल्कनीत गेला, त्यावर कबुतरं बसतात. टेबलावर रूळ, सिग्नल, दिव्यांची स्टेशनं, आणि गोणपाटावर माती थापून केलेला घाट, आपली मुलं दिवाळीत किल्ला करतात ना, अगदी तसा. वर अळीवसुद्धा पेरलेत. स्टेशनांची नावं त्यांचीच: हॉल सिटी, बाल्कनी कँट, देवघर रोड, स्वयंपाकघर जंक्शन. स्वयंपाकघरात जायचं तर टेबलाची एक फळी उचलावी लागते, ते फाटक. एकदा मी आमटीचं पातेलं घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, फाटक बंद आहे. गाडी येतेय."

"अहो भाऊजी, आमटी गरम आहे, हात भाजतोय माझा."

"असुविधेबद्दल खेद आहे."

थांबले. काय करणार. गाडी आली, गेली, मग फळी वर झाली.

मांजरांची नावंही खात्यातली. काळा-पांढरा बोका तो गार्ड. आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत तोंड घालते ती टीसीबाई. आणि नारिंगी रंगाची, उशीएवढी रुंद, ती मालगाडी. ही मालगाडी रोज रुळावर बसते. आणि ताटक्यांचा नियम असा की मांजराला उठवायचं नाही. गाडी थांबवायची. दिवा लाल करायचा, हात मागे बांधायचे आणि सांगायचं, "लाइन क्लिअर नाही."

"अहो, उचला की तिला," मी म्हणते.

"वहिनी, ती आधी आली होती."

आधी म्हणजे कशाच्या आधी ते मला आजवर कळलेलं नाही.

आता गोष्ट अशी झाली. दिवाळी झाल्यावर एकदा त्या गार्ड बोक्याने गाडीचा एक डबा ढकलून टेबलाखाली पाडला, तो काढायला ताटके खाली वाकले आणि तिथेच कमरेत धरलं. फोन वर टेबलावर, हे खाली. मी संध्याकाळी कोथिंबीर मागायला गेले म्हणून सापडले. टेबलाखाली आडवे, छातीवर मालगाडी. मला बघून म्हणाले, "काही नाही, यार्डात पडलोय जरा."

त्यांचा मुलगा अमेय गुरुग्रामला असतो, बायको मनप्रीतबरोबर, एकविसाव्या मजल्यावर. तो आला आणि जे बोलला त्यात चूक काही नव्हतं हो. "बाबा, आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, मनप्रीत आहे. चला. पण मांजरं नाहीत चालणार आणि हे टेबल तर दारातून आतच नाही जाणार."

"मग मी कशाला जाऊ आत?" ताटके म्हणाले.

अमेय वैतागला. दार उघडल्यावर चपलांचं कपाट आहे, तो नेहमी त्यावरच बसतो, निघायच्या तयारीत. तिथूनच म्हणाला, "कशासाठी हट्ट करताय? मी जेव्हा जेव्हा येतो, तुमची गाडी बंद पडलेली असते."

"बंद नाही. थांबलेली."

"तेच ते. माझ्यासमोर एकदा पूर्ण फेरी मारून दाखवा, मी परत विषय काढणार नाही. नाहीतर संक्रांतीनंतर सामान बांधायचं. मंजूर?"

तो चिडून बोलला होता, पण ताटक्यांनी खिशातली शिट्टी काढून वाजवली. मंजूर. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या गार्डापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की स्टेशन मास्टर साहब की परीक्षा है.

तो रविवार उजाडला तो असा की समोरचं झाड दिसेना, इतकं धुकं. बातम्यांत सगळ्या गाड्या उशिरा. मी गुळपोळ्या लाटत होते तोच वरून हाक, "वहिनी, लवकर या. अपघात नाही. पण या."

गेले तर टीसीबाई घाटाच्या बोगद्यात शिरून व्याली होती. आत तीन पिल्लं. ताटके टॉर्च घेऊन वाकले होते आणि चेहरा असा, की मुलगी बाळंत झाल्यावर बाप दवाखान्याबाहेर उभा असतो ना.

"बरं, आता खोक्यात ठेवू त्यांना," मी म्हणाले. "अमेय येईलच."

"बाळंतिणीची खोली बदलायची? या थंडीत?"

"मग फेरी कशी होणार? घर जाईल तुमचं, भाऊजी."

ते एक मिनिट बोगद्याकडे बघत राहिले. मग बाही वर केली. "बायपास काढू."

आणि खरंच काढला हो. बाल्कनी कँटच्या यार्डातले रूळ उखडले आणि घाटाच्या बाहेरून वळण टाकायला घेतलं. मी रूळ धरायचे, ते जोडायचे. हाताला गुळपोळीचं पीठ तसंच. पहिल्या चाचणीत इंजिन वळणावर आडवं झालं. दुसऱ्यातही. "वळण फार आवळ आहे," ते म्हणाले, "बाहेरचा रूळ थोडा उचलायला हवा." उचलायला काय घ्यायचं? शेवटी तिळगुळाच्या खोक्याचा पुठ्ठा मी कात्रीने कापून दिला, पट्ट्या पट्ट्या. तो रुळाखाली सरकवला आणि इंजिन डौलात वळलं. मी टाळी वाजवली तर म्हणाले, "शू. पिल्लं झोपलीत."

अमेय आणि मनप्रीत आले. मनप्रीत पंजाबी आहे, मराठी समजते तिला, बोलते मात्र हिंदी. ती आली तशी थेट बोगद्याशी गेली. अमेय नेहमीप्रमाणे कपाटावर बसला. "बाबा, एक तास आहे. बाराला कॉल आहे माझा."

"रविवारी?"

"रविवारी."

ताटक्यांनी निळी टोपी घातली. शिट्टी. हॉल सिटीचा दिवा हिरवा झाला. गाडी निघाली, बाल्कनी कँट गेलं, बायपासच्या वळणावर मी डोळे मिटले, उघडले तर गाडी देवघर रोडला. स्वयंपाकघर जंक्शनला फाटक पडलं. अमेयची मान थोडी वर आली. आता फक्त घाटामागचं शेवटचं स्टेशन, आणि मग फेरी पूर्ण.

आणि मालगाडी उठली खुर्चीवरून, एक उडी मारली, आणि त्या शेवटच्या स्टेशनासमोर रुळावर अंग पसरून बसली.

दिवा लाल.

"बाबा, उचला तिला," अमेय म्हणाला.

"नाही."

"बाबा, घर जातंय तुमचं आणि तुम्ही मांजराला..."

"लाइन क्लिअर नाही, अमेय."

मनप्रीत हळूच म्हणाली, "बाबाजी, ये रोज़ यहीं बैठती है क्या?"

"रोज."

"और उठती कब है?"

"जब उसका मन करे, बेटा."

अमेयने घड्याळ बघितलं. उभा राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. मी आपली म्हणाले, "गुळपोळी तरी खाऊन जा, तूप थिजतंय." आता कपाटावर बसून हातात तुपाची पोळी कशी खाणार? शेवटी तो टेबलापाशी, मालगाडीने सोडलेल्या खुर्चीवर येऊन बसला. पहिल्यांदाच. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. मालगाडी ढिम्म. कॉलची वेळ झाली, फोन वाजला, त्याने बघितला आणि खिशात ठेवला. बापाने विचारलं, ऑफिसात काय चाललंय. त्याने सांगितलं, नेहमीसारखं 'ठीक' नाही, नीट सांगितलं. वरचा साहेब कसा त्रास देतो, झोप कशी लागत नाही. एका डब्याचं चाक निसटलं होतं, ते बोलता बोलता त्याने बसवूनही टाकलं. मग वाकून घाटामागे बघितलं.

"नलिनीनगर," तो म्हणाला. शेवटच्या स्टेशनाची पाटी. "आईच्या नावाचं स्टेशन कधी केलंत?"

"झाले बरेच दिवस. तू इथवर कधी बसला नाहीस."

धुकं विरून खिडकीतून ऊन आलं होतं. मालगाडीने एक पाय लांब केला, मग दुसरा. मोठी जांभई दिली. उठली, गाडीच्या इंजिनाला नाक लावून बघितलं, आणि गेली पिल्लांचा समाचार घ्यायला.

हिरवा. शिट्टी. गाडी नलिनीनगरहून निघाली आणि हॉल सिटीच्या फलाटाला लागली, अगदी रेषेवर. मनप्रीत उड्या मारायला लागली, जिन्यात कान लावून उभा असलेला खालचा गार्ड आत येऊन ताटक्यांना मिठी मारून गेला, आणि ताटके टोपी काढून चौघांना वाकून नमस्कार करत होते, जसं काही लोणावळ्याचा घाट यांनीच खोदला.

"सकाळची गाडी," अमेय म्हणाला, "दुपारचे दोन वाजले."

"पण पोचली," ताटके म्हणाले.

"पोचली. विषय बंद." मग म्हणाला, "एक अट. फोन गळ्यात अडकवायचा. आणि टेबलाखाली वाकायचं नाही, डबा पडला तर मी आल्यावर काढीन."

आणि येतो हो. एक रविवार सोडून येतो. चपलांचं कपाट आता रिकामं असतं, म्हणजे चपलाच असतात त्यावर.

पण खरी गंमत पुढे आहे. परवा त्यांच्याकडे कानातलं पडलं माझं, घरंगळत टेबलाखाली गेलं. मी वाकले, हात वर लागला तर नलिनीनगरच्या बरोबर खाली फळी चांगली उबदार. बघितलं तर गाडीला वीज देणारा तो ट्रान्सफॉर्मर तिथेच बांधलेला. वरून जुन्या स्वेटरचा तुकडा, ऊब धरून ठेवायला.

"भाऊजी," मी म्हणाले, "हा इथे आहे म्हणून ती तिथे बसते. हा दुसरीकडे हलवला तर गाडी कधी थांबणारच नाही. इतकं तर मला अडाणीलाही कळतं."

"मलाही कळतं, वहिनी."

ते सिग्नलच्या खांबावरची धूळ पुसत होते. वर बघितलं नाही.

"गाडी वेळेवर धावली की लोक उभ्या उभ्या बघतात. 'वा छान' म्हणतात, निघतात. आमच्या नलिनीला कोणी उभ्या उभ्या गेलेलं चालायचं नाही, तुम्हाला माहीतच आहे. चहा मुद्दाम उशिरा टाकायची."

"आणि त्या दिवशी तो उठून गेला असता तर?"

"तर गेलो असतो मीही, गुरुग्रामला." धूळ पुसून झाली होती तरी ते पुसतच होते. "पण बसला ना."

मी कानातलं घातलं आणि खाली आले. स्वेटरचा तुकडा नीट परत लावून आले होते, हे सांगायला नको.

तर आता तुम्ही यायचंच आहे. पिल्लांतली दोन गेली चांगल्या घरी, एक मनप्रीत नेणार म्हणते, म्हणजे एकविसाव्या मजल्यावर बरं का. बोगदा वाहतुकीला खुला झालाय. मी गुळपोळ्या करीन, तूप घरचं आहे. फक्त 'मावशी, अर्धा तासच आहे हं' असं म्हणत येऊ नका. लवकर या, आणि ऊन जाईपर्यंतचा वेळ घेऊन या. मालगाडी अजून तिथेच बसते.