मोठ्या गटाच्या पडद्यावरचं अस्वल

नायदेनला कुणी मदत मागितली नव्हती. पण मागितली नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता.

त्याची बायको रादा कझानलक शहरातल्या एका बालवाडीत मोठ्या गटाची बाई होती. बालवाडीत भिंतभर नवा पडदा आला होता. त्याला बोट लावलं की इंटरनेटवरचे प्राणी चालायचे, ओरडायचे, स्वतःचं नाव सांगायचे. शुक्रवारी खुला पाठ होता. पालक येणार होतेच, शिवाय शिक्षण खात्याच्या तपासनीस हाजियेवा मॅडम येणार होत्या. पाठ फसला तर मोठा गट राजधानी सोफियाहून शिकून आलेल्या एका तरण्या मुलीकडे जाणार आणि रादाच्या वाट्याला लंगोटातली पोरं येणार, हे बालवाडीत स्वयंपाकिणीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमका आदल्या दुपारी पडदा अडून बसला. पासवर्ड टाका म्हणे! तो कुणालाच आठवेना.

"त्यात काय, पाच मिनिटांचं काम," नायदेन म्हणाला.

"वॉशिंग मशीन पण पाच मिनिटांचंच काम होतं," रादा म्हणाली. "खालच्या मजल्यावरचे अजून आपल्याशी बोलत नाहीत."

पण तिच्यापुढेही दुसरा इलाज नव्हता. नायदेन बालवाडीत गेला आणि स्वतःच्या खात्यावरून त्याने पडदा सुरू करून दिला. खरोखर पाच मिनिटांत. (इथेच त्याला संशय यायला हवा होता.)

शुक्रवारी सकाळी तो पाणीपुरवठा कार्यालयात आपल्या खिडकीशी बसला खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. उठायचा, पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा. एका म्हाताऱ्याच्या अर्जावर त्याने शिक्का उलटा मारला आणि दुसऱ्याच्या अर्जावर दोनदा. तेवढ्यात खिशातला फोन खणखणीत आवाजात बोलला, "मूळव्याधीचं मलम! विसरू नका!"

रांगेतल्या बाईने त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. नायदेन ओशाळं हसला आणि हसता हसताच त्याच्या लक्षात आलं. पडद्यावरचं खातं त्याचं! म्हणजे हेच वाक्य आत्ता तिकडे, भिंतीएवढं मोठं होऊन...

पण मलमाचं एक वेळ ठीक होतं. खरी भीती पुढची होती. नायदेनला थापा मारता यायच्या, मात्र कुणाला कुठली मारली ते लक्षात राहायचं नाही, म्हणून थापाही तो फोनमध्ये आठवणी लावून ठेवायचा. आणि पुढची आठवण सासूबाईंना मारायच्या थापेची होती. त्या आज चीज भरून भाजलेल्या बानित्साचं ताट घेऊन पाठाला येणार होत्या.

त्याने रादाला फोन लावला. बंद. मग "आलोच" असं म्हणून तो दप्तरखान्यात पळाला, दार लोटलं आणि पडद्याशी असलेलं नातं तोडायला दिसेल ते बटण दाबू लागला. फोनने काहीतरी लांबलचक विचारलं. ते न वाचताच नायदेनने हिरव्या गोलावर बोट ठेवलं.

आणि त्याच्या फोनमध्ये अख्खा मोठा गट उघडला. गोल करून बसलेली पोरं, मागे छोट्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लागलेले पालक, ताट घेतलेल्या सासूबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या हाजियेवा मॅडम आणि पांढरीफटक पडलेली रादा.

"बाई," बोऱ्यान नावाचा एक पोरगा विचारत होता, "मूळव्याध कुठे राहतो? जंगलात?"

"चावतो का तो?" एका मुलीने विचारलं.

तेवढ्यात सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे भिंतभर नायदेन होता. केस विस्कटलेले, डोळे बाहेर आलेले, मिशीला सकाळच्या दह्याचा थेंब.

"हाच! हाच मूळव्याध!" बोऱ्यान किंचाळला. अर्धा वर्ग टाळ्या पिटू लागला आणि उरलेला अर्धा बाकाखाली शिरला.

"हे पाठातच आहे का?" हाजियेवा मॅडमनी विचारलं.

रादाने एक श्वास घेतला. "हो तर! मुलांनो, घाबरायचं नाही. हे अस्वल आहे. आता अस्वल आपल्याला चालून दाखवणार." आणि ती नायदेनकडे अशी बघायला लागली, की खरं अस्वलही चार पायांवर आलं असतं.

नायदेनने फोन फडताळाला टेकवून ठेवला आणि फायलींच्या मधोमध रांगू लागला.

"अस्वला, मध कसा खातोस?"

त्याने खाऊन दाखवला.

"नाच की!"

तो नाचला. मागच्या पायांवर उभं राहून, ढेरी हलवत, गरगर फिरून नाचला. बाकाखालची पोरं एकेक करून बाहेर आली आणि त्याच्याबरोबर डोलायला लागली. एरवी आईचा पदर न सोडणारी बिल्याना सगळ्यांच्या पुढे येऊन गुरगुरत होती. इकडे दप्तरखान्याचं दार उघडून साहेब आत डोकावले, क्षणभर उभे राहिले आणि आवाज न करता दार ओढून निघून गेले.

नायदेनला आता मजा वाटू लागली होती. त्याने एक गिरकी वाढवली. आणि त्याच गिरकीत पडदा बोलला, "सासूबाईंनी कोबीच्या लोणच्याचं पिंप हलवायला बोलावलं, तर सांगणे: कमरेत उसण भरली आहे!"

अस्वल एका पायावर जागच्या जागी थांबलं.

सासूबाईंनी ताट शांतपणे खिडकीत ठेवलं आणि त्या थेट पडद्यासमोर आल्या. "उसण भरलेली कंबर ही अशी हलते होय रे नायदेन?"

पालक इतके हसले की एकाची खुर्ची मोडली. पोरांना काहीच कळलं नाही, म्हणून ती सगळ्यांत जास्त हसली. नायदेनने झडप घालून फोन पालथा केला. पडदा काळा झाला आणि बोऱ्यानने भोकाड पसरलं, "माझं अस्वल मेलं!"

त्या दिवशी नायदेन घरी निघाला तो रस्ता मुद्दाम लांबवत, दोनदा चौकाला वळसा घालून. आपल्यामुळे हिचा गट गेला, आता लंगोटातली पोरं आली, हे एकच डोक्यात घोळत होतं. दार उघडलं तर रादा स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत मिरच्या भाजत होती.

"गट माझ्याकडेच राहिला," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, इतकी बोलकी मुलं त्यांनी कुठल्याच बालवाडीत पाहिली नाहीत."

नायदेनच्या अंगात एकदम बळ आलं. खुर्ची ओढून तो ऐटीत बसला. "आणि माझ्याबद्दल? काही म्हणाल्या असतीलच ना?"

"म्हणाल्या ना. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, पडदा छान आहे, पण ते मधेच येणारं अस्वल बंद करता येतं का?"

"मग तू काय सांगितलंस?"

रादाने मिरची उलटली.

"म्हटलं, मॅडम, लग्न झाल्यापासून मी तेच बटण शोधतेय."