सतराव्या डब्यातलं डार्ट

मी चंद्रपूरला वनविभागाच्या भांडारात रुजू झाले, त्याच आठवड्यात टेबलावर एक मागणीचिठ्ठी आली. मोठे कोहळे दोन, म्हशीच्या कातड्याचा तुकडा एक, ग्लिसरीनची बाटली एक. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : वाघ.

आधीची माझी सगळी नोकरी शिक्षण विभागात खडू, सतरंज्या आणि घंटा मोजण्यात गेलेली. चिठ्ठी घेऊन मागच्या अंगणात गेले, तर एक वाळका माणूस शेवटच्या कोहळ्याला फाटकं कातडं नेसवत होता.

"बाजूले व्हा, बाई."

वीस पावलं मागे जाऊन त्याने हवेची बंदूक उचलली. फट्. कोहळ्याच्या पोटात लाल गोंड्याचं डार्ट रुतलं. मग डार्टापुढे उकिडवं बसून त्याने विचारलं, "बोल, सोडलं का पाणी? का तोंडातच धरून बसलं?"

हे वारलूभाऊ.

वाघ-बिबट गावात शिरला की त्याला डार्ट मारून झोपवतात. औषध किती ते डॉक्टर ठरवतात. डार्ट वारलूभाऊ भरायचे. डार्ट म्हणजे उडतं इंजेक्शन. पुढे औषध, मधे दट्ट्या, मागे दाबून भरलेली हवा. सुईचं छिद्र बाजूला असतं आणि त्यावर ग्लिसरीन लावून रबराची बारीक नळी बसवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, छिद्र उघडतं आणि हवा औषध आत ढकलते. "यातलं एक बी बिनसलं," वारलूभाऊ नव्या माणसाला सांगायचे, "त वाघ नाई झोपत. तुमी झोपता."

एकदा मी दुपारी भांडारात आले तर ते पँट गुडघ्यावर दुमडून बसलेले आणि पोटरीत डार्ट. माझ्या हातून रजिस्टर पडलं.

"पाणीच आहे, बाई. उकळून घेतलं. नळी जित्या कातडीत सरकते का ते पाहून राह्यलो."

"आणि सरकली का?"

"सरकली ना. म्हणून त दुखून राह्यलं."

साहेबांनी मेमो दिला. वारलूभाऊंनी त्याची घडी करून गळणाऱ्या डार्टाखाली ठेवली.

फसलेलं एकही डार्ट त्यांनी कधी फेकलं नाही. तासाभरात उघडायचं, दोष शोधायचा, मग अगरबत्तीच्या रिकाम्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवायची : गाव, जनावर, कारण. 'सुईत केस अडकला.' 'दट्ट्या कोरडा.' 'हवा कमी, चूक माझी.' अख्ख्या कार्यालयात माझ्याखेरीज रकाने भरणारा हा एकच माणूस. त्यामुळे मी त्यांना कोहळे मंजूर करत गेले.

ते कुठेही जायचे. माजरीच्या खाणीजवळ, कोरपन्याच्या कपाशीत, जेवण अर्धं टाकून. फक्त गडचिरोलीच्या पथकाने अहेरीकडे मदतीला बोलावलं की डार्ट भरून द्यायचे आणि स्वतः मागे राहायचे. "त्या रस्त्यानं डार्टाची हवा जाते, बाई." डार्टं मात्र त्याच रस्त्याने जायची. मी हसायचे.

निवृत्तीच्या दिवशी मी यादी घेऊन त्यांची फसलेल्या डार्टांची पेटी ताब्यात घ्यायला बसले. डबे सतरा. पाच वर्षं मी नुसते डबे मोजून सही करत आले होते. उघडून एकही पाहिला नव्हता. सतरावा अगदी तळाशी, सुतळीने करकचून बांधलेला. चिठ्ठीवर 'अहेरीकडचं गाव. बिबट.' कारणाची जागा कोरी. आत न उघडलेलं डार्ट, औषधासकट. माझ्या सहीखाली, पाच वर्षं.

"भाऊ, हे का नाही उघडलं?"

ते सुतळीचा गुंडा करू लागले.

"पोचू माहा जोडीदार होता. गोठ्यात बिबट आडवा पडला, डार्ट लागलेलं दिसत होतं. मीच म्हणलो, जा, झोपला." गुंडा खिशात गेला. "नव्हता झोपला."

पोचूचा उजवा हात कोपरापासून गेला होता. आता तो अहेरीला भावाकडे राहत होता.

"भेटलात?"

"नाई. तो लोकाईले सांगते, बिबट्याचं कातडंच जाड होतं, वारलूची चूक नाई. न पाह्यताच सांगते. उघडलो असतो त पाहा लागलं असतं."

मी यादीवर पेन ठेवून बसले. त्यांनी हातमोजे घातले. नेहमीच्याच क्रमाने : आधी शेपटी, मग दट्ट्या, मग सुई. हवा केव्हाच गेलेली, औषधाचा पिवळा पापुद्रा झालेला. रबराची नळी छिद्रावर जशीच्या तशी चिकटून होती. दोराभरही सरकली नव्हती.

"ग्लिसरीन नाई लावलं," ते म्हणाले. "गर्दी होती. घाई केलो."

त्यांनी पेन माझ्याकडून मागून घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं : 'नळीला ग्लिसरीन नाही. चूक माझी.' मग डार्ट धुतलं, पुसलं, डब्यात घातलं आणि डबा हातातच धरून उभे राहिले.

"बाई, हे मी नेऊ का? पोचूले दाखवतो."

सरकारी माल. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक टाचणी बाहेर जाऊ दिली नव्हती.

"अहेरीच्या रस्त्याने हवा जाते ना, भाऊ?"

"आता कुठी राह्यली हवा त्याच्यात."

मी सतरा खोडून सोळा केले, सही केली आणि त्यांच्यासाठी अहेरीच्या बसची वेळ विचारायला फोन उचलला.