शंभर नमःशिवायचा तंबू

महालिंगअप्पांनी मला फसवलं. भर दिवसा, नांदेडच्या भर बाजारात फसवलं, आणि त्या कामाला मलाच जुंपून फसवलं.

माझं अहमदपूरला पाईप-मोटारीचं दुकान आहे. स्टँडसमोर हातगाड्यावर नळाच्या तोट्या आणि वॉशर विकत सुरुवात केली, आज दुकानाला दोन शटर आहेत. सौद्यात बालाजीला गंडवलं, असं सांगणारा माणूस तालुक्यात सापडणार नाही. अप्पा तेवढे सांगू शकतात. सांगत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

अप्पा माझे शेजारी. जन्मभर वीजमंडळात वायरमन होते, आता रिटायर. त्यांच्या घरात घड्याळ आहे, पण ते भिंत रिकामी दिसू नये म्हणून. वेळ ते नमःशिवायात मोजतात. चहाला उकळी यायला दीडशे नमःशिवाय, दाढीला चारशे. उदगीरची गाडी आज हजार नमःशिवाय लेट, असं ते स्टँडवरच्या कंट्रोलरला तोंडावर सांगतात आणि कंट्रोलरही आता निमूट मान हलवतो. त्यांचे ओठ हलत असले की समजायचं, काहीतरी मोजणं चालू आहे. माझ्या दुकानात बसून मी गिऱ्हाईकाला किती वेळात पटवतो तेही ते मोजतात आणि गिऱ्हाईक जायच्या आधी मोठ्यानं सांगतात.

ते रिटायर झाले त्याच साली त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पुण्याला मुलाकडे गेल्या. मुलाला मूल झालं होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. तो नातू आता शाळेत जातो.

घरात एकटा माणूस, त्यात हातात मोबाईल. अप्पांना मोटारसायकलवर देश फिरणाऱ्यांचे व्हिडिओ दिसायला लागले आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आपण दोघांनी गाडीवर सहस्रकुंडाला जायचं, धबधब्याजवळ मुक्काम करायचा आणि तिथून पुढं माहूर. मी म्हणालो, लॉज बघू. अप्पांना लॉज नको. तिथली वायरिंग बघूनच त्यांना झोप येत नाही म्हणे. मग तंबू. आणि तंबूही कुठलाही नाही.

"पाऊस आला तर माणूस भिजायच्या आत उभा पाहिजे. शंभर नमःशिवायच्या वर गेला तर तो तंबू न्हाई, मांडव हाय."

पुढचे सहा महिने ते माझ्या दुकानात बसून मला तंबू शिकवत होते. तंबू तीन जातींचे. एक फेकायचा, तो हवेतच उघडतो. दुसरा छत्रीचा, मधली दोरी ओढली की चारी पाय टेकतो. तिसरा काठ्यांचा. दोन लांब काठ्या कापडाच्या पन्हाळीतून सरकवायच्या, एकानं या टोकाला आणि दुसऱ्यानं त्या टोकाला धरून वाकवायच्या. या तिसऱ्याचं नाव अप्पा तोंड वाकडं करून घ्यायचे. घेता कधी, असं मी विचारलं की एकच उत्तर: "बघून राहिलो ना."

शेवटी नांदेडला गेलो. मला न्यायचं कारण उघड होतं, भाव करायला. दुकानदारानं आधी फेकायचा दाखवला. अप्पांनी तो खरंच फेकला. एक नमःशिवाय पुरा व्हायच्या आत तो उघडला आणि काउंटरवरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली बसला. मग त्याची घडी घालायला दुकानदार, त्याचे दोन कामगार आणि मी असे चौघं भिडलो. एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. अप्पा बाजूला उभे राहून मोजत होते. सातशेला घडी झाली. अप्पांनी शांतपणे विचारलं, "आन् पावसात?" दुकानदार दुसरा काढायला वळला.

छत्रीचा चाळीसात उभा राहिला, साठात मिटला. अप्पांनी माझ्याकडे बघून डोळे मिटून उघडले. म्हणजे हाच. मी कामाला लागलो. कापडाला नखं लावली, चेन दहादा ओढली, धर्माबादला असले तंबू पोत्यानं मिळतात असं सांगितलं. दोनदा उठलो, एकदा रस्त्यापर्यंत जाऊन परत आलो. दुकानदार घामेघूम. आपलं दुकान बसेल, असं तो म्हणाला, तेव्हा मी बसलो. अखेर माझ्या भावाला आला. माझा हात त्याच्या हातात पडणार, एवढ्यात अप्पांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या गाठोड्याकडे बोट केलं.

"याच भावात तो काठ्यांचा द्या."

दुकानदार हसला. माझ्या सौद्यावर समोरचा माणूस आजवर कधी हसला नव्हता.

परतताना लोह्याला चहाला थांबलो, तिथं मी फुटलो. माझ्या इज्जतीचं काय केलंत, सहा महिने माझं डोकं खाल्लंत ते कशासाठी, सगळं विचारलं. चहावाला भजी तळायचा थांबला. अप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, छत्रीचा बिघडला तर नीट कोण करणार, काठी मोडली तर काठी मिळते.

"आणि तुमचे शंभर नमःशिवाय?"

"सरावानं होतं की. तू हाय ना."

तेव्हापासून माझे रविवार गेले. कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव. करार असा की शंभराच्या आत तंबू उभा राहिला की त्याच आठवड्यात सहस्रकुंडाला निघायचं. तंबू तर चुकीचा घेतला होता, निदान तो उभा करून दाखवायचाच, या ईर्ष्येनं मी पेटलो होतो. पहिल्या रविवारी दोनशे दहा. मग एकशे साठ, मग एकशे अठरा. त्यापुढं गाडी हलेना. नव्वदच्या आसपास आलं की अप्पांच्या हातून काठी निसटायची, कापड माझ्या डोक्यावर यायचं आणि आतून मला ऐकू यायचं, "लई जवळ आलतं रे." मी ओरडायचो. ते ऐकून घ्यायचे. जन्मभर खांबावर चढून तारा ओढलेल्या माणसाच्या हातून काठी निसटते कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता.

तंबू उभा राहिला की आत बसून धपाटे खायचे. अप्पा स्वतः थापतात, एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेले. सोबत शेंगाची चटणी. त्याच वेळेला वहिनींचा फोन येतो. अप्पा सांगतात, बालाजी हाय, तंबूत बसलो हाव. पलीकडं नातू काहीतरी सांडतो आणि फोन संपतो.

मागच्या रविवारी एका गिऱ्हाईकाची मोटार पोचवायची होती म्हणून मी लवकर निघालो, मागच्या बोळानं आलो. भिंतीपलीकडं अप्पा एकटेच होते. काठीचं एक टोक त्यांनी विटेच्या खाचेत बसवलं, दुसरं गुडघ्याखाली दाबलं, वाकवलं. मग दुसरी काठी. हात असे चालत होते की जणू तंबू त्यांच्या अंगातूनच निघत होता. मी नकळत मोजत होतो. अठ्ठ्याहत्तर. एकटा माणूस.

तंबू ताठ उभा राहिला. अप्पांनी तो एकदा सगळीकडून बघितला आणि खाली पाडला. काठ्या काढल्या, कापड पसरलं, वीट लांब नेऊन टाकली. मग पिशवीवर बसले आणि मी नेहमी ज्या बाजूनं येतो त्या रस्त्याकडं बघत राहिले.

मी आलो तसा मागं गेलो. वळसा घालून रस्त्यानं आलो, लांबूनच खाकरलो.

"आलास? कधीचा बसलोय. तुझ्याबिगर उभा राहत न्हाई हे."

मी काठीचं टोक धरलं. त्या दिवशीही ब्याण्णवला त्यांच्या हातून काठी निसटली. मी ओरडलो, नेहमीपेक्षा जास्तच. गप्प बसलो असतो तर त्यांच्या ध्यानात आलं असतं.

सहस्रकुंड राहिलं तर राहू दे. अप्पांना मी काही विचारणार नाही. पण त्यांच्या मुलाला विचारणार आहे. दोन महिन्यांसाठी म्हणून आईला नेलंस, तिला परत कधी आणणार? एकट्यानं तंबू उभा करता येणाऱ्या माणसाला ते जमत नाही असं सोंग करून शेजाऱ्याला बोलवावं लागतं, याला जबाबदार कोण? फोनवरचं उत्तर मी घेत नाही. त्यानं एका रविवारी इथं प्लॉटवर यावं, बापासमोर उभं राहावं आणि जाब द्यावा.